वसंताच्या दारात चौथ्यांदा

विसरायच्या आत लिहून टाकतो, म्हणून शुद्धलेखन पाहू नका.

गेल्या वर्षी मले लकवा मारला. हातपाय सुधरले, पण डोक्यात नवं काही टिकत नाही. जुनं मात्र सारं आठवते.

आज सकाळी वसंताच्या दारात जाऊन आवाज देला, "चाल बे, चहा पिऊन येऊ." बोरी अरबच्या शाळेपासूनचे दोस्त आम्ही.

त्याची बायको बाहेर आली. वहिनींनी मले आत नेलं. भिंतीवर वसंताचा फोटो, अन् फोटोले हार. मी लेकरासारखा रडलो. वहिनींनी पाणी देलं, चहा मांडला, अन् तो कसा गेला ते पहिल्यापासून सांगितलं.

तेवढ्यात त्यांची सून आतून म्हणे, "काका, या हप्त्यात चौथ्यांदा आले तुम्ही. आईले किती त्रास होते!"

मी हात जोडले. "वहिनी, आता नाही येत."

"येत जा, भाऊजी," पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या. "तेरवी झाली अन् लोकायनं त्यायचं नाव घेणं सोडलं. तुम्हीच तेवढे हाक मारता."

घरी येऊन हे लिहून राह्यलो. उद्या सकाळी फोन उघडला की हेच दिसंल, अन् वसंता गेल्याचं मले पहिल्यांदाच कळंल.

तुम्हीच सांगा. ही पोस्ट ठेवू, का पुसून टाकू अन् उद्या त्याले चहाले बोलवाले जाऊ?