दादांची बोट आणि पितळी नळी

दादांच्या अंगावरून वारं गेलं आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. त्याआधी माझे हे थोरले भाऊ तेर गावाजवळ तेरणा नदीच्या डोहात या काठाला बुडी मारून त्या काठाला निघायचे. आता उस्मानाबादेत माझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर खुर्चीवर बसून असायचे. त्यांच्यासाठी मी लाकडाची हातभर लांब बोट केली. तिच्यात मोटार, बॅटऱ्या आणि बिनतारी यंत्र बसवलं. काठावर बसून हातातल्या छोट्या पेटीचं बटण दाबलं की पाण्यातली बोट वळायची. बटणाला डावा अंगठा पुरे होता.

पण बोट रांगायची. मोटारीची ताकद पंख्यापर्यंत नेणारा दांडा सायकलच्या तारेचा होता आणि मधला सांधा रबरी नळीचा. जोर आला की रबर पिळवटायचं.

"बोट हाय का म्हैस?" दादा जड जिभेनं म्हणाले. आजारानंतरची त्यांची ती पहिली थट्टा. मग मला थांबवेना.

मी मोठी मोटार आणली, पोलादी दांडा बसवला, सांधा पितळेचा केला, पंखा पत्र्यातून नव्यानं कापला. दांड्यासाठी बोटीच्या तळाला भोक रुंद करून पितळी नळी बसवली, तिच्यात ग्रीस भरलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. नळीतून पाणी चढलं तर यंत्र जाणार, आणि भर डोहात बोट बुडाली तर दादा परत खुर्चीला खिळणार. घरी पाण्याच्या टोपात बोट ठेवून मी दर थोड्या वेळानं आत हात घालून बघायचो. कोरडंच लागायचं, तरी खात्री पटत नव्हती.

रविवारी एस.टी.नं तेरला गेलो. बोट पाण्यात सोडली आणि ती सुसाट सुटली. दादा लहान मुलासारखे हसले. मी मात्र ती किती खोल बसलीय तेवढंच बघत होतो. पलीकडच्या काठाजवळ ती अचानक थांबली. दादांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं. काही नाही.

"पाणी शिरलं," मी म्हणालो. "थांबा, कुणी पोहणारा बघतो."

मी वळलो न वळलो तोच मागं धपकन आवाज आला. काठावर दादांची नुसती काठी पडली होती, ते पाण्यात होते. मला पोहता येत नव्हतं. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून "दादा! दादा!" ओरडत होतो. डोकं दिसलं, बुडालं. मग ते उताणे झाले आणि एका हातानं, वाकडेतिकडे, पण पुढं सरकू लागले.

परतताना बोट त्यांच्या छातीवर होती. पंख्याला शेवाळाचा गुंता बसला होता. आतून बोट कोरडी ठणठणीत.

"सोड परत," धापा टाकत ते म्हणाले. ओठ निळे पडले होते.

"न्हाय. आता घरी."

एस.टी.त बसल्याबसल्या ते डाव्या हातानं पंख्यातलं शेवाळ उपटून काढत होते. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. या खेपेला मी त्यांच्या कमरेला दोर बांधला. ते चिडले, पण बांधू दिला.