बिनफोडणीचं वरण

सोजराबाई आमच्या शेजारच्या. चिखलीच्या बाजारात त्यांच्या मळ्यातली वांगी लोक नाव घेऊन मागत. स्वयंपाक चवीचा करायच्या, पण स्वतःपुरतं वरण फोडणी देण्याआधीच वाटीत काढून ठेवायच्या. वीस-बावीस वर्षं फोडणीचा घास त्यांनी तोंडात घातला नाही. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "माह्या हातून पाप झालं हाय, पोरी."

ते असं झालं. त्यांचा शालिग्राम पाच वर्षांचा होता. चैत्रात त्याला ताप भरला. त्या काळी आमच्याकडे उन्हाळ्यात लेकराला ताप आला की देवी तर निघत नाहीत ना, म्हणून दोन-तीन दिवस वाट पाहत. तोवर घरात फोडणी नाही, तळण नाही. कढत तेलाची धग देवीला सोसत नाही, असं मानत. नेमकी त्याच दिवशी मेहकरकडून नणंद आली, मनकर्णाबाई. पहिल्याच घासाला तिनं ताट सरकवलं.

"वयनी, हे वरण हाय का ढोराचं पाणी?"

"पोराले ताप हाय, वन्सं. दोन रोज थांबलेलं बरं."

"उन्हाचा ताप तो! मी आली म्हणून तेल आटलं काय?"

हे लागलं. सोजराबाईंनी तेल तापवलं, मोहरी टाकली. दुसऱ्या दिवशी पोराच्या कपाळावर पुरळ दिसलं. मनकर्णाबाई दुपारच्या बैलगाडीनं निघून गेली. सासू एवढंच म्हणाली, "तुले समजत होतं, तरी तू दिली." पोरगा वाचला, पण डावा डोळा गेला.

शालिग्राम मोठा झाला, मोट हाकू लागला. त्याला स्वतःला या गोष्टीचं काहीच वाटत नसे. "बरं हाय," म्हणायचा, "अर्ध्याच लोकाईची तोंडं पाहा लागते." सगळे हसत आणि सोजराबाई उठून मागच्या दारी जात. दर मंगळवारी दहीभात घेऊन त्या देवीच्या ओट्यावर जायच्या. मागणं काही नसे, माफीच असे.

पुढे गीताबाई सून होऊन आली. तिची सरस्वती तीन वर्षांची असताना गावात पुन्हा देवी निघाल्या. या वेळी सोजराबाईंनी नातीचं अंग गरम लागताच चुलीवरची कढई उचलून माळ्यावर टाकली. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. घरात कोणी केस विंचरायचे नाहीत, बाहेरच्यानं आत यायचं नाही. त्यांचा सख्खा भाऊ भेटायला आला, त्यालाही दारातूनच परत पाठवलं. एक गोष्ट चुकू दिली नाही.

नवव्या दिवशी सरस्वती गेली.

चार दिवसांनी मी गीताजवळ जाऊन बसले. सोजराबाई पाणी घेऊन आल्या, तेव्हा गीता एकदम म्हणाली, "आत्याबाई, माह्यानं चुकलं. तिसऱ्या रोजी डोक्यात लय खाज सुटली, मी बोटानं केस मोकळे केले. तुमाले दिसलं नाही. म्हणून गेली काय माही लेक?"

इतकी वर्षं एका फोडणीसाठी झुरलेली बाई आता हिला काय म्हणेल?

सोजराबाईंनी तांब्या खाली ठेवला. "नाही," त्या म्हणाल्या. "केसानं लेकरं जात नाहीत. आपल्या हाती असतं तर मी जाऊ देली असती काय तिले? तिचं तेवढंच होतं. तू मनाले लावून घेऊ नको."

गीतानं मान वर केली. "मग तुमच्या लेकाचा डोळा काऊन गेला?"

सोजराबाईंनी तांब्या पुन्हा उचलला आणि पाणी भांड्यात ओतून तिच्यापुढे सरकवलं.

"माहं मले सांगता येत नाही, बाई," त्या म्हणाल्या. "तुह्याकून काही झालं नाही, एवढं मात्र मी देवीच्या पायावर हात ठेवून सांगीन."

तेव्हा कुठे गीता मोकळी रडली. सोजराबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. त्यांचे डोळे कोरडेच होते.