अंबूअक्का आणि नऊ पहारेकरी

आमच्या जयनगरच्या सोसायटीत बावीस फ्लॅट आहेत आणि गेली अकरा वर्षे मी तिचा सेक्रेटरी आहे. या काळात सर्वांत जास्त लेखी तक्रारी एकाच व्यक्तीविरुद्ध आल्या, त्या म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या अंबूबाई चौगुले. सगळ्या तक्रारींचा विषय एकच: शिट्टी. सकाळी सहाला अंबूअक्का गच्चीवर व्यायामाला उभ्या राहत आणि स्वतःलाच शिट्टीवर हुकूम देत. मी रीतसर नोटीस दिली. त्यांनी त्याच कागदाच्या मागे उत्तर लिहून दिले, "उद्यापासून सहा वाजून पाच मिनिटांनी वाजवीन." तक्रार करणारे चौथ्या मजल्यावरचे रघुपती पुढच्या महिन्यापासून स्वतःच गच्चीवर हात वर-खाली करताना दिसू लागले.

अंबूअक्का मूळच्या निपाणीजवळच्या. लग्न होऊन बेंगळुरूला आल्या, कारण यजमान यशवंतपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. इथल्या कन्नड शाळेत त्यांनी एकतीस वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले. घरी मराठी, मैदानावर कन्नड आणि रागावल्यावर दोन्ही. यजमान गेले, मुलगा हुबळीला. आता वय सदुसष्ट. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या आमच्या गल्लीत त्या एकट्याच. तरुणपणी त्या जिल्ह्याकडून खो-खो खेळल्या होत्या. एकदा पुरी सात मिनिटे, म्हणजे अख्खा डाव, त्या नाबाद पळाल्या. हे मला त्यांनी कधी सांगितले नाही. त्यांच्या मुलाने सांगितले.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत, तिसऱ्या मजल्यावर निहार राहायला आला. पुण्याचा मुलगा, अठ्ठावीस वर्षांचा. इंदिरानगरला व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या एका छोट्या कंपनीत डिझायनर. पहिल्याच आठवड्यात तो जिन्यात डोके धरून बसलेला अंबूअक्कांना दिसला. मी मीटरचे आकडे घेत तिथेच होतो.

"काय रे बाळा, चावी हरवली?"

"नाही काकू. एक लेव्हल अडकलीये."

"अक्का म्हण. काकू म्हटलं की मला पापड लाटावेसे वाटतात. आणि लेव्हल म्हणजे काय अडकलं?"

निहारने सांगितले ते असे. त्यांची कंपनी एका मराठी विज्ञान कादंबरीवर गेम करत होती, पळापळीचा आणि लढाईचा. कादंबरीचे नाव 'सातव्या चंद्राचा पहारा'. लेखक देवव्रत हे नागपूरचे निवृत्त रसायनशास्त्रज्ञ. दूरच्या एका चंद्रावर खाणकामगारांची वस्ती आहे आणि तिथली हवा संपत आली आहे. आर्द्रा नावाची बाई हवा तयार करणाऱ्या शेवाळाची बरणी घेऊन खाणीतून वस्तीकडे निघते. वाटेत एक लांब दालन लागते, तिथे नऊ यंत्रपहारेकरी. कादंबरीत या प्रसंगाला लेखकाने एकच वाक्य दिले होते: 'बरणी छातीशी धरून ती पहाऱ्यातून निसटली.'

"एक वाक्य, अक्का! वाचणाऱ्याला चालतं. पण गेममध्ये खेळणाऱ्याला ते वीस मिनिटं स्वतः करायचंय. कसं निसटली, कुठून निसटली, लेखक काही बोलतच नाही. आमचे बॉस म्हणतात, तिच्या हातात गन दे, प्रॉब्लेम सॉल्व्ह."

"मग दे की."

"दोन्ही हातांत बरणी आहे ना! ती रिकाम्या हातानं लढत नाही, भरल्या हातानं पळते. तेच तर पुस्तक आहे सगळं. गन आली की आमचा गेम इतर शंभर गेमसारखा होणार. फेब्रुवारीअखेरपर्यंत मला मुदत आहे. नाही जमलं तर गन."

अंबूअक्कांनी ते पुस्तक मागून घेतले आणि चार दिवसांत वाचले. शाळेच्या वह्या तपासाव्यात तसे, हातात पेन्सिल घेऊन. रविवारी सकाळी त्यांनी आम्हा दोघांना घरी बोलावले आणि एकशे बाराव्या पानावर बोट ठेवले. खाणीत विजेची टंचाई असल्याने नऊ पहारेकऱ्यांपैकी एका वेळी एकच जागा राहू शकतो, तो दमला की दुसऱ्याला जागे करतो, असे तिथे लिहिले होते.

"एक जागा, आठ बसलेले. जागा आहे तो बसलेल्याला उठवतो आणि त्याच्या जागी स्वतः बसतो. निहार, हे काय आहे?"

निहारने माझ्याकडे पाहिले. मी अंबूअक्कांकडे पाहिले.

"अरे, खो-खो आहे की हे! तुझा लेखक पक्का खेळाडू दिसतोय."

निहारने तिथूनच देवव्रतांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पलीकडचा आवाज अगदी मऊ होता.

"खो-खो? नाही हो. शाळेत मी मैदानाच्या कडेला सगळ्यांची दप्तरं सांभाळायचो. पण बघत मात्र असायचो बरं का, रोज."

"बघा!" अंबूअक्का फोनकडे बोट दाखवून म्हणाल्या, जणू गडी बाद केला.

पुढच्या रविवारी, नऊ फेब्रुवारीला, त्यांनी आपल्या जुन्या शाळेचे मैदान मिळवले आणि सोसायटीतल्या नऊ जणांना पहारेकरी नेमले. त्यांत मी, माझी पत्नी सुनंदा आणि रघुपतीही होते. आम्ही आठ जण एका ओळीत उकिडवे बसलो, एकाचे तोंड इकडे तर पुढच्याचे तिकडे. नववे रघुपती पाठलागावर. निहारच्या हातात अक्कांनी लोणच्याची रिकामी बरणी दिली.

"फुटली तर नवी आणायची. पळ!"

निहार पळाला आणि सुनंदाने त्याला चौथ्या सेकंदाला बाद केले. ती घरी परत येईपर्यंत हसत होती. निहारने सगळे मोबाइलवर टिपून घेतले आणि उत्साहाने कामाला लागला.

दहा दिवसांनी तो पुन्हा जिन्यात बसलेला दिसला. गेममध्ये दालन तयार होते, पहारेकरी तयार होते, पण खेळायला बसणारा प्रत्येक जण वैतागत होता. पहारेकरी वेगात असले की कुणीच सुटत नसे, आणि हळू केले की कुणीही चालत निघून जाई. बॉसने बंदुकीचे चित्र काढायला सांगितलेसुद्धा होते.

"चल, मला दाखव," अंबूअक्का म्हणाल्या. त्यांना सोबत हवी म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आम्ही मॅजेस्टिकला मेट्रो बदलून इंदिरानगरला गेलो.

निहारची कंपनी एका मोठ्या खोलीत मावत होती. त्याने पडद्यावर दालन सुरू केले. अक्का दोन मिनिटे पाहत राहिल्या आणि मग त्यांनी गळ्यातली शिट्टी अशी फुंकली की तिथल्या चौदाही जणांनी कानांवरचे हेडफोन काढले.

"फाउल! हा मागं का वळला? आणि हा मधली पाटी, म्हणजे बसलेल्यांची ओळ, ओलांडून पलीकडं गेला. निहार, तुला शाळेत कुणी शिकवलं?"

"अक्का, ते रोबो आहेत. मागे वळले नाहीत तर मठ्ठ वाटतील."

तेवढ्यात त्याचे बॉस रणवीर आले. चाळिशीचे, नागपूरचे, भक्कम बांध्याचे. त्यांनी अंबूअक्कांना नमस्कार केला आणि हसून म्हणाले, "बाई, खेळात ठीक आहे हो. पण शत्रू नियम पाळतो काय? वळायचं नाही, रेघ ओलांडायची नाही, असा शत्रू पाहून कोण भिणार बाप्पा?"

"सरी, ठीक आहे," अंबूअक्का म्हणाल्या. "तुम्ही पळून बघा."

त्यांनी आठ चाकांच्या खुर्च्या एका ओळीत लावल्या, एक आड एक उलट्या तोंडाच्या. एका टोकाला पाण्याचे मशीन आणि दुसऱ्या टोकाला मोठी कुंडी, हे दोन खांब. खुर्च्यांवर आठ जण बसवले. ॲनिमेशन करणारी रम्या नावाची चपळ मुलगी पाठलागाला. रणवीर यांच्या हातात कपाटातली बिस्किटांची बरणी दिली. स्टॉपवॉच माझ्याकडे आले.

"रम्या, मागं वळायचं नाही, पाटी ओलांडायची नाही. अडलीस की ज्याची पाठ दिसेल त्याला खो दे आणि त्याच्या जागी बस. साहेब, तुम्हाला सगळी मोकळीक. कुठूनही जा. तीस सेकंद टिका."

"तीस? हे तर काहीच नाही."

शिट्टी झाली. रणवीर सहज दोन खुर्च्यांमधून पलीकडे गेले. आता रम्या इकडे येऊ शकत नाही, म्हणून ते तिच्याकडे पाहून हसले. तेवढ्यात रम्याने समोरच्या पाठीवर थाप मारली, "खो!" आणि त्या खुर्चीतला मुलगा थेट त्यांच्या अंगावर उठला. पाच सेकंद.

"थांबा, थांबा. पुन्हा."

दुसऱ्यांदा नऊ सेकंद. तिसऱ्यांदा अकरा, पण बिस्किटे सांडली. अंबूअक्कांनी ती मोजून उचलायला लावली. चौथ्यांदा रणवीर यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. खोलीतल्या लोकांनी टेबले मागे सरकवली आणि कुणी रणवीरच्या, कुणी खुर्च्यांच्या बाजूने ओरडू लागले. सहाव्या डावात ते चोवीस सेकंद टिकले आणि पाण्याच्या मशीनला धरून धापा टाकत उभे राहिले.

"मला माहीत होतं ती वळू शकत नाही," ते म्हणाले. "माहीत होतं म्हणूनच सापडलो. मला वाटलं, आता ही माझं काय करणार."

"तेच तर. नियम ठाऊक असला की गडी जरा मोकळा होतो. तिथंच धरायचा असतो."

"बरं. पण बाई, माझ्या एकट्याच्या धापेवर मी गेम विकू शकत नाही. अठ्ठावीसला बाहेरचे बारा जण खेळायला बोलावतो. सहा जणांना बंदुकीची लेव्हल, सहा जणांना तुमची. लोक ठरवतील."

निहारला आठ दिवस मिळाले. या आठ दिवसांत अंबूअक्का पाच वेळा इंदिरानगरला गेल्या. आर्द्राचे पळणे रम्याच्या अंगावरून घ्यायचे होते. ती ठिपक्यांचा काळा पोशाख घालून पळे आणि भोवतीचे कॅमेरे तिची प्रत्येक हालचाल टिपत. अंबूअक्का बाजूला उभ्या राहून कन्नडमध्ये हुकूम सोडत. "बरणीकडं बघू नको! बरणी कुठं जात नाही, तू जातीस!" सगळे जमले, पण खांद्याची हुलकावणी काही जमेना. खांदा उजवीकडे टाकायचा आणि पाय डावीकडे न्यायचा, तोही पाठलाग करणाऱ्याचा विश्वास बसेल इतका खरा.

"काढ तो अंगरखा," अंबूअक्का शेवटी म्हणाल्या. "मला दे."

"अक्का, स्वल्प निधान," रम्या घाबरून म्हणाली. जरा जपून.

अंबूअक्कांनी साडीवरच तो वरचा काळा अंगरखा चढवला. पळायचे नव्हतेच, जागेवर उभे राहून फक्त खांदा टाकायचा होता. त्यांनी तो टाकला. समोर उभा असलेला निहार, हे नाटक आहे हे माहीत असूनही, उजवीकडे धावला आणि कॅमेऱ्याच्या स्टँडला धडकला. आर्द्राची हुलकावणी म्हणून तीच ठेवली गेली.

अठ्ठावीस फेब्रुवारीला, शुक्रवारी दुपारी दोनला, बारा जण आले. अंबूअक्कांबरोबर मीही रजा टाकून गेलो होतो. कॉलेजचे विद्यार्थी, दोन बँकवाले आणि एक दंतवैद्य. सहा जण खोलीच्या डाव्या बाजूला बंदूक घेऊन बसले, सहा उजव्या बाजूला बरणी घेऊन. डाव्या बाजूचे पहिल्या पाच मिनिटांतच दालन पार करून पुढे गेले. उजवीकडे फक्त 'अय्यो' आणि 'छे' ऐकू येत होते. तिसऱ्या मिनिटाला दंतवैद्यबाईंनी टेबलावर मूठ आपटली. निहार माझ्याजवळ सरकला.

"यांना आवडलेलं नाही," तो माझ्या कानाशी कुजबुजला.

"त्यांना सुटायला जमत नाहीये," अंबूअक्का म्हणाल्या. "आवडलं की नाही, ते शिट्टी झाल्यावर बघ. मैदानावरून कोण घरी जातंय आणि कोण अजून एक डाव मागतंय."

पावणेचारला चहा आला. रम्याने सर्वांना सांगितले की खेळ संपला, चहा घ्या, मग मते लिहून द्या. डाव्या बाजूचे सहाही जण उठले. गेम छान आहे, चित्रे छान आहेत, असे म्हणत त्यांनी कप उचलले. उजवीकडून फक्त दोघे आले, तेही एकोणतीस सेकंद आणि एकतीस सेकंद यांवर भांडत, आणि कप हातात घेऊन परत पडद्यापाशी गेले. उरलेल्या चौघांना चहा आल्याचे कळलेच नव्हते. दंतवैद्यबाई शेजारच्या मुलाला सांगत होत्या, "तो तिकडे तोंड करून बसलाय ना, त्याच्या पाठीमागून जा. तो इकडे उठूच शकत नाही!" पाच मिनिटांनी बंदूकवाल्यांपैकी तिघे कप ठेवून त्यांच्या खुर्च्यांमागे येऊन उभे राहिले आणि विचारू लागले, आम्हाला हे का नाही दिले?

रणवीर चहाच्या टेबलाजवळ उभे होते. ताटात गार होत चाललेल्या चार कपांकडे त्यांनी पाहिले, मग मते लिहिण्याचे कागद, जे अजून कोरेच होते, गोळा करून खणात टाकले.

"निहार, बंदूक काढून टाक. पण अशी दालनं मला आणखी चार पाहिजेत. काहून हसतो? मुदत तीच राहील, एक महिना."

निहारने अंबूअक्कांना वाकून नमस्कार करायला हात पुढे केले, पण त्या जागेवर नव्हत्या. गेम खेळण्यासाठी आता खुर्चीमागे नऊ-दहा जणांची रांग लागली होती. बटणे कशी दाबायची हे रम्याला विचारून अंबूअक्का मघाशीच एक डाव खेळल्या होत्या आणि सातव्या सेकंदाला बाद झाल्या होत्या. कुणाशी काही न बोलता त्या रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या, दंतवैद्यबाईंच्या मागे, आणि पडद्यासमोर बसलेल्याचा डाव लांबला तशी मान उंच करून बघू लागल्या.