अक्काच्या पडवीतला प्लग

बाबाजी मोकलानं विजेवरची गाडी घेतली तेव्हा रामवाडीला वाटलं, चला, महिनाभराच्या बोलण्याची सोय झाली. पण विषय पुरून उरला. गाडी काही कोरी नव्हती. पनवेलच्या कुणा डॉक्टरनं चार-पाच वर्षं फिरवून विकलेली, पांढरी, बुटकी. डोलवीच्या कंपनीत एकतीस वर्षं क्रेनवर बसलेला माणूस रिटायर होऊन एवढ्याशा गाडीत गुडघे दुमडून बसतो, हेच लोकांना पचेना. "क्रेनवरनं उतरला तो डायरेक पाटावर बसला," असं रघू म्हणे. रघूचं हायवेला टायरचं दुकान, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्यावर शेरा मारायचा हक्क त्याच्याकडे आपोआप आलेला.

गाडीची वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर येई, कारण पंधरा अँपियरचा सॉकेट घरात तेवढाच एक. गाडी चार्जिंगला असताना शांतीनं मिक्सर लावला की अख्ख्या घराची लाईट उडे. "चटणी का गाडी, एकदा काय ते ठरवा," असं ती नवऱ्याला म्हणे, आणि नवरा महिनाभर बिनचटणीचं जेवे. त्याला त्याचं काही नव्हतं. दहावीला बाबाजीला बेचाळीस टक्के पडले होते. आता रोज सकाळी गाडीत शंभर टक्के दिसत, आणि तोंड धुवायच्या आधी तो ते बायकोला सांगून येई.

इथवर ठीक होतं. हौस म्हणून सोडून देता आलं असतं. पण एकाआड एक गुरुवारी बाबाजी जे करी, त्याला हौस म्हणता येईना.

सकाळी सहाला भरलेली गाडी घेऊन तो निघे आणि खोपोलीला जाई. तिथं त्याचं काही काम नसे. नाक्यावर चहा घेऊन परत पेणला येई, पेणला न थांबता वडखळ, वडखळवरून अलिबागच्या रस्त्यानं पोयनाड, पोयनाडवरून माघारी वडखळ, आणि मग कुठं नागोठण्यावरून रोह्याला. चारही काचा खाली, एसी फुल, भर उन्हात दिवे लागलेले. सरळ गेलं तर तासा-सव्वातासाची वाट हा गृहस्थ पाच तासांत कापी. एका गुरुवारी रघूनं त्याला दुकानासमोरून जाताना पाहिलं, परत येताना पाहिलं, आणि दुसऱ्या खेपेला रस्त्यात आडवा उभा राहिला.

"बाबाजीशेट, काय हरवलंय काय?"

"नाय. फेरी मारतोय."

"काचा उघड्या नि एसी चालू? पेण तालुका थंड करायचं कंत्राट घेतलंत व्हय?"

बाबाजीनं काच वर केली, रघू बाजूला होताच पुन्हा खाली केली आणि निघून गेला. रिटायर झाल्यावर काहींना भजनाचा नाद लागतो, काहींना डॉक्टरचा. ह्याला रस्त्याचा लागला, असा रामवाडीनं निकाल दिला.

निकाल चुकीचा होता. ही सगळी यातायात चालली होती ती गाडीतली वीज संपवण्यासाठी. रोह्याजवळच्या अष्टमी गावात अक्काच्या दारात पोचेपर्यंत काट्यानं दहा टक्क्यांच्या खाली यायला हवं, एवढा एकच हिशेब बाबाजीच्या डोक्यात असे.

अक्का म्हणजे गिरजाबाई, बाबाजीची सख्खी थोरली बहीण. कुंडलिकेच्या पुलापलीकडे, अष्टमीला दिलेली. बाबाजी तीन वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा अक्का तेरा वर्षांची. तिनं त्याला कडेवर घेऊन भाताची लावणी केली, त्याच्या नाकाला पदर लावला, आणि मारलाही भरपूर. बाप गेला, काका गेले, गावकीतली म्हातारी खोडं एकेक करून गेली. सासरा झालेल्या ह्या माणसाला 'बाब्या' म्हणणारं जगात एकच तोंड उरलं होतं, आणि त्या तोंडानं गेली सहा वर्षं त्याच्याशी अबोला धरला होता.

चूक बाबाजीचीच, हे तोही आता कबूल करतो. मुलाचं लग्न ठरलं. आपल्याकडे पहिली पत्रिका देवापुढे आणि दुसरी बहिणीच्या घरी. तीही कशी, तर स्वतः जायचं, नारळ ठेवायचा, अक्षता द्यायच्या, "लग्नाला यायचं" असं तोंडानं म्हणायचं. त्याच महिन्यात कंपनीत मोठं काम निघालं, बाबाजीला डबल शिफ्ट लागल्या. व्याह्यांकडच्या झाडून सगळ्यांना तो जाऊन भेटला, साहेबांना पेढे देऊन आला, आणि अक्काचं मात्र आज जाऊ, उद्या जाऊ. शांतीनं दोनदा आठवण केली. "अक्का काय परकी हाय? तिला कसला मान नि पान," असं म्हणत लग्नाच्या पाच दिवस आधी त्यानं क्रेनवर बसल्या बसल्या पत्रिकेचा फोटो भाच्याच्या मोबाईलवर पाठवला. खाली लिहिलं, 'अक्काला दाखव.'

भाच्यानं दाखवला. दोन निळ्या रेघा उमटल्या. लग्नाला भाचा विठू तेवढा आला, जेवला, आहेर देऊन गेला. मांडवात आत्याची पाटाशेजारची जागा शेवटपर्यंत मोकळी राहिली. बाबाजीला राग आला, की एवढ्याशा गोष्टीसाठी सख्ख्या भाच्याच्या डोक्यावर अक्षता टाकायला येत नाही म्हणजे काय? तो राग वर्षभर टिकला. पुढची पाच वर्षं फक्त लाज टिकली, आणि लाजेला काही रागासारखा उतार नसतो.

मग ही गाडी आली. दुसऱ्याच महिन्यात कंपनीतल्या एका जुन्या सोबत्याला भेटायला बाबाजी रोह्याला गेला. परतताना ज्याच्या भरवशावर होता तो चार्जर बंद निघाला. काटा सहावर. गाडीनं पिवळं, मग तांबडं चिन्ह दाखवलं, मग कुठल्याशा बाईच्या आवाजात इंग्रजीतून काहीतरी बजावलं. बाबाजीनं एसी बंद केला. गाडी पुलावरून अष्टमीत शिरली आणि त्याच्या लक्षात आलं, की ह्या गावात आपल्या हक्काचा एकच उंबरा आहे आणि तिथंच आपल्याला तोंड नाही.

अक्का दारात आली. सत्तरी ओलांडलेली, कंबरेत वाकलेली, पण नजर तीच. तिनं भावाकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि आत वळून सुनेला हाक मारली. "सरू, दारात कोण आलंय बघ गो. काय पायजे त्याला, इचार."

बाबाजी तिच्यापासून तीन हातांवर उभा होता. सरू बिचारी दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. "मामा, काय पायजे?"

सहा वर्षांनी बहिणीच्या दारात उभं राहून माणूस काय काय बोलू शकला असता! बाबाजीच्या तोंडातून निघालं, "प्लग."

पडवीत पाण्याच्या मोटारीसाठी मोठा सॉकेट होता. वायर लागली. गाडी हळूहळू वीज पिऊ लागली आणि बाबाजी पडवीतल्या बाकावर बसून राहिला. चहा आला, सरूच्या हातून. दुपारी ताट आलं, सरूच्याच हातून. ताटात कडव्या वालाचं बिरडं, त्याला लागतं तसं, गूळ किंचित जास्त आणि वरून ओलं खोबरं. आतल्या अंगाला अक्काच्या बांगड्या वाजत होत्या. बोलली मात्र एक अक्षर नाही. संध्याकाळी गाडी घरी पोचण्यापुरती भरली तेव्हा बाबाजीला वाटलं, आणखी थोडी रिकामी असती तर बरं झालं असतं.

ही त्या गुरुवारांची सुरुवात.

शांतीला हे कळलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "अहो, मग घरीच चार्ज करू नका की! तीसवर निघालात तर पोचताना होईलच कमी. गावभर डिझेल जाळल्यासारखे हिंडताव कशाला?"

"ते खोटं झालं," बाबाजी म्हणाला.

"आणि हे खरं?"

"घरून भरून निघालो नि वाटेत संपली. ह्यात खोटं काय हाय? अक्कासमोर खोटं चालत नाय. ती माझे कान बघून ओळखते."

"मग तिथं जाऊन सरळ पाया पडा नि मोकळे व्हा."

"कुठल्या तोंडानं?"

"आता जाताव ते गाडीच्या तोंडानं जाताव काय?" असं म्हणून शांतीनं मुद्दाम मिक्सर लावला आणि लाईट घालवली.

असे आठ-दहा गुरुवार झाले. पडवीतल्या बाकावर बाबाजीच्या बैठकीचा ठसा उमटायचा बाकी राहिला. तो बसे, पेपर वाचे, दुपारी डुलकी काढी. अक्का समोरून जाई, येई, तुळशीला पाणी घाली, मांजराला शिव्या देई, विठूला हाक मारी, सरूला दहा वेळा हाक मारी. प्रत्येक हाकेला बाबाजी मान वर करी, कारण न जाणो, एखादी आपल्या नावाची असली तर!

मग एका गुरुवारी सकाळी विठू मोठ्या प्रेमानं त्याच्याजवळ येऊन बसला. "मामा, एक आनंदाची बातमी हाय. रोह्याला नाक्यावर नवीन फास्ट चार्जर लागला. पाऊण तासात गाडी भरते, मी सोता बघून आलो. आता तुमाला इथं दिवसभर ताटकळायला नको."

चांगली माणसं कधीकधी फार वाईट बातम्या देतात. बाबाजी "व्हय का? बरं झालं," एवढंच म्हणाला. विठू कामावर गेला. आतल्या बांगड्या थांबल्या होत्या. अक्कानं ऐकलं होतं तर!

वायर लावलेली होती. काटा आठवर होता. बाबाजी बाकावर बसला आणि त्याला पहिल्यांदा ती पडवी नीट दिसली. उद्यापासून इथं येण्याला कारण नाही. बिनकारणाचं यायचं तर आधी बोलावं लागेल, आणि बोलायचं ते सहा वर्षं घशात अडकून बसलंय. जेवण त्याला गेलं नाही. वाटीतलं बिरडं त्यानं कसंबसं संपवलं आणि डोळे मिटून पडून राहिला. कधी डोळा लागला ते कळलं नाही.

जाग आली तेव्हा चार वाजले होते. आता निघायला हवं. पुन्हा कशाला यायचं, हे स्वतःलाच विचारत तो गाडीत जाऊन बसला आणि काटा पाहिला. नऊ.

पाच तासांत एक टक्का! त्यानं वायर चाचपली, गाडीकडचं टोक काढून पुन्हा घातलं, मग वायरीच्या मागोमाग पडवीत आला. प्लग जागेवर होता. बटण बंद होतं.

सरू अंगणात पापड उलथत होती. "सरू, कुणी बटण बंद केलं गो?"

सरूनं आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग पापडाकडे. "मामा, तुमी मला इचारू नका."

"नाय, म्हंजे चुकून झालं असंल..."

"चुकून कसलं?" सरूला राहवेना. ती जवळ आली, आवाज खाली आणला. "दर येळेला तेच हाय. तुमचा डोळा लागला की आई येतात, बटण बंद करतात. जाग यायच्या येळेला परत चालू करतात. आज तर हे कामावर जाताना तुमी त्यांच्याबरोबर अंगणात उतरलात, तेव्हाच बंद केलं. परत चालू नाय केलं, एवढंच."

रोह्याला विजेचा दाब कमी, तिथं गाडी भरता भरत नाही, असं बाबाजी रामवाडीत चारचौघांना छाती ठोकून सांगत आला होता.

त्यानं बटणाला हात लावला नाही. चपला पडवीत काढल्या आणि सहा वर्षांत प्रथमच माजघर ओलांडून स्वयंपाकघरात गेला. अक्का भुईवर बसली होती. पुढ्यात कोमट पाण्याचं पातेलं, त्यात मोड आलेले वाल. एकेक दाणा चिमटीत धरायची, दाबायची, साल एकीकडे, दाणा दुसरीकडे. तिनं वर पाहिलं नाही.

"अक्का," बाबाजी म्हणाला, "मी यायला पायजे होतं. नारळ घेऊन."

"सरू," अक्कानं बाहेर हाक दिली, "त्याला सांग, नवरदेव आता दोन पोरांचा बाप झाला म्हणावं. आता नारळ फोडून काय खोबरं खायचं?"

सरू काही आली नाही. शहाणी सून.

बाबाजी समोर बसला. गुडघे दुखले, पण बसला. पातेल्यात हात घातला आणि वाल सोलायला लागला. क्रेनवर टनाटनाचं लोखंड अल्लद उचलणाऱ्या त्या बोटांना एवढासा दाणा सापडेना. एक निसटून भिंतीपाशी गेला, एक फुटला, तिसरा सालीसकट त्यानं सोललेल्यांत टाकला.

अक्कानं तो उचलला. त्याच्यासमोर धरला.

"साल तशीच हाय ह्याला. नीट काढ."

मधे सरू नव्हती. निरोप नव्हता. सहा वर्षांनी आलेलं पहिलं वाक्य, आणि तेही ओरडा. बाबाजीनं तो दाणा हातात घेतला आणि इतका वेळ सोलत राहिला की अक्कानं शेवटी तो त्याच्या हातातून काढून घेतला. मग पातेलं तिनं पायानं थोडं त्याच्याकडे सरकवलं. त्याच्या नावानं ती हाक मारते की काय, ह्याची वाट पाहत तो एकेक दाणा सोलत राहिला. तिनं मांजराला हाक मारली, सरूला मारली. त्याच्या नावाची काही आली नाही.

दिवेलागणीला शांतीचा फोन आला. "कुठंशी हाव? किती टक्के झाले?"

"नऊ."

"अजून नऊच? लाईट नाय का तिथं?"

"लाईट हाय. बटण बंद हाय."

"मग चालू करा की!"

"माझ्या हातनं नाय होणार ते," बाबाजी म्हणाला. "अक्का करील तेव्हा येईन."

मग शांती म्हणाली, "बरं. सकाळी आंघोळ करून कपडे विठूचे घाला. आणि माझा नमस्कार सांगा त्यांना. तोंडानं सांगा, फोटो पाठवू नका."