मोजणीवालीचा फोन

विहिरीचं पाणी डोळे मिटून चाखणारी मी एकच मुलगी पाहिली. यंत्र नंतर; आधी ओंजळभर पाणी तोंडात. "यंत्र आकडा सांगतं, काका. तुमच्या केळीला काय सोसावं लागतं ते जिभेला कळतं," असं वर ऐकवायची.

विद्यापीठातली विद्यार्थिनी, राहायला विरारला फ्लॅटमध्ये, माणसं मूळची साताऱ्याकडची. हवामान बदलतंय, समुद्र वर चढतोय, तर वसईच्या गोड्या विहिरींत खारेपण किती आत आलं, हा तिचा अभ्यास. पण पहिल्याच दिवशी ती टेप घेऊन वटारच्या आमच्या वाडीत शिरली आणि घात झाला. आमच्याकडे टेप घेऊन येतो तो बिल्डरचाच माणूस. आईने केळीआडून हाक दिली, "मोजनीवाली आली रे, काठी आन." गैरसमज फिटला, नाव मात्र चिकटलं. तिनेही ते मिरवलं.

तिचा जीव जडला आमच्या बावखलावर. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पावसाचं पाणी धरतं, आसपासच्या विहिरी गोड राखतं. माझ्या थोरल्या भावाने, दादाने, ते बुजवून बंगला बांधायचं ठरवलं होतं. मातीचा डंपर दारात आला त्या सकाळी ती दोन तांबे घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. एकात शेजाऱ्यांच्या विहिरीचं पाणी. त्यांनी त्यांचं बावखल कधीच बुजवलं होतं. दुसऱ्यात आमच्या विहिरीचं. "काका, आधी ते प्या, मग हे. मग खुशाल टाका माती." दादा हट्टी माणूस. पहिला घोट थुंकला, दुसरा तांब्या रिकामा केला आणि डंपरवाल्याला म्हणाला, "जा घेऊन परत." पुढच्या रविवारी तिचा अख्खा वर्ग बावखलात उतरून गाळ काढत होता आणि आई त्यांना जेवू घालत होती.

मग ती पुढच्या शिक्षणासाठी परदेशी गेली. दर वैशाखात फोन यायचा. "मोजणीवाली बोलतेय. पाणी कसंय?" मी बरंय म्हटलं की लगेच, "पिऊन सांगा. मी थांबते." मी विहिरीवर जाऊन येईपर्यंत ती खरंच थांबायची.

यंदा वैशाख सरला, फोन आला नाही. कामं असतील, आपण कोण लागतो तिचे, असं मनाला समजावतो. मनाला पटत नाही. फार आठवण येते पोरीची.

परवा पाहिलं तर दादा विहिरीपाशी उकिडवा बसला होता. ओंजळ तोंडाशी, डोळे मिटलेले.

"गोड आहे," तो म्हणाला. "तिला कळव. तिने विचारलं नाही तरी कळव."