एका घरात एकसष्ट मुलं

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. कारण पुढच्या दोन मिनिटांत मी स्वतःला फार हुशार समजणार आहे.

माझी लेक चिमी आठ महिन्यांची होती आणि माझा एम.एड.चा प्रबंध दुसऱ्या दिवशी पाचच्या आत वाशीमला जमा करायचा होता. नाहीतर वर्ष गेलं. राहिलं काय होतं? फक्त पानांचे आकडे. सुरुवातीच्या पानांना रोमन, आणि पहिल्या प्रकरणापासून पुन्हा एकपासून.

कॉम्प्युटरच्या क्लासात हे शिकले होते हो! भाग वेगळे करायचे, मग त्यांचा एकमेकांशी असलेला दुवा तोडायचा. तो दुवा काही मला तुटेना. एका पानाखाली पाच टाकला की सगळीच पानं पाच. शेवटी युक्ती सुचली. प्रत्येक पानाच्या शेवटच्या ओळीखाली मी आकडा सरळ हाताने टाइप केला. एकशे बेचाळीस वेळा! मग चिमीला कडेवर घेऊन घरभर नाचले.

सकाळी बाबा रिसोडहून आले, चिमीला सांभाळायला. मेथीच्या वाफ्यांना पाणी सोडून थेट एसटीत बसलेले. त्यांनी प्रबंधातलं एकच पान वाचलं, ऋणनिर्देशाचं. आमच्याकडे नावं छापलेला कागद लग्नपत्रिकेसारखाच वाचतात. कोण आहे ते बघत नाहीत, कोण राहिलं ते बघतात.

"सगळं बराबर हाये. पण तुह्या मोठ्या आत्याचं नाव कुठी हाये?"

"बाबा, आत्याचा प्रबंधाशी काय संबंध?"

"संबंध कायले लागते? तिले कळलं तं वर्षभर बोलायची नाही."

आत्या घातली. आत्या आली म्हणून माहेरचे मामा आले. ते आले म्हणून सासरचे मामा आले, मग त्यांचे थोरले भाऊ. सहा ओळी वाढल्या. चिमी मला सोडेना, म्हणून तिला आणि बाबांना घेऊनच वाशीमला गेले, दुकानात प्रिंट काढली आणि न बघता कॉलेज गाठलं.

तीन वाजता मार्गदर्शक मॅडमनी प्रत उघडली. वाचता वाचता थांबल्या, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"या गावात प्रत्येक घरातील एकसष्ट मुले शाळेत जातात? कोणतं गाव हे?"

सहा ओळींनी सगळा मजकूर खाली ढकलला होता. माझे आकडे आपापली पानं सोडून पुढच्या पानांवरच्या वाक्यांत जाऊन बसले होते. मॅडम म्हणाल्या, आकडे नीट झाल्याशिवाय सही नाही. मला रडूच फुटलं.

बाबांनी काही न विचारता चिमीला मॅडमच्या मांडीवर ठेवलं आणि प्रत घेऊन व्हरांड्यात बसले. "तू वरचे पुस, मी खाली लिहितो."

मी व्हाइटनर लावत होते, ते अंगठा ओला करून पान उलटत होते. आणि एकदम आमच्या घरातला जून आठवला. माझ्या नव्या वह्यांना ते असेच पान-पान आकडे घालत, कारण मी होड्यांसाठी पानं फाडायची. पावणेदोनशे पानी वही असली तरी कंटाळत नसत. नव्या कागदाचा वास, त्यांच्या बोटांना मेथीचा वास. मी शेजारी बसून प्रत्येक आकड्यावर फुंकर मारायची. त्या व्हरांड्यातही मारत होते, एवढी मोठी बाई.

"रोमन म्हंजे घड्याळातले ना?" त्यांनी मधेच विचारलं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना मॅडमनी सही केली. आकड्यांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "अक्षर कुणाचं?"

"बाबांचं."

त्यांनी ऋणनिर्देश काढला. आत्या, दोन्हीकडचे मामा, थोरले भाऊ. "यात बाबा कुठे आहेत?"

नव्हते. अख्खं गणगोत छापलं होतं मी, आणि बाबा नव्हते. घाईघाईने पेन उचललं, तर बाबांनी प्रत ओढून घेतली.

"राहू दे माय. एक ओळ वाढली का सगळे आकडे पुन्हा खाली सरकतीन."

पेनाच्या ओळीने काही सरकणार नव्हतं. पण मला दोन दिवसांत जे कळलं नाही, ते त्यांना एका दुपारीत कळलं होतं. कॉम्प्युटरचं प्रमाणपत्र मात्र माझ्या नावाचं आहे. चौकट करून लावलंय.