काचेआडचं मॉन्ट्रियल

मंडळी, मॉन्ट्रियलला मुलाकडे आल्यापासून मी बर्फाच्या धास्तीने घरातच आहे; शहर बघते ते खिडकीच्या काचेतूनच.

आज शेजारच्या फ्रेंच बाई मला लायब्ररीत जुना विनोदी सिनेमा बघायला घेऊन गेल्या. भाषा येत नसली तरी गोष्ट कळली. पर्यटकांना बसमधून शहर दाखवतात, पण खाली कुणालाच उतरू देत नाहीत. सगळे पोट धरून हसत होते आणि मला रडूच फुटलं.

घरी आल्यावर मुलाला म्हटलं, "मला एकटीने मेट्रोने जायला शिकव."

"आई, हरवलीस तर?"

"विचारत विचारत येईन."

तो म्हणाला, "उद्या सुट्टी टाकतो, मीच फिरवतो."

"सुट्टी नको रे, तिकीट दे."

तुमच्याकडे आलेले आईवडील दिवसभर काय करतात, कधी विचारलंत?